घरचा संगणक अपग्रेड करताना विंडोज विकत घ्यायचं का? आधी मदरबोर्ड ठरवा, मग लायसन्स

“पाचशे रुपये द्या, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो.” नाशकात घरचा संगणक कधी दुरुस्तीला नेला असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलं असणारच. एम. जी. रोडला ऐकलं असेल, कॅनडा कॉर्नरला किंवा नाशिक रोडच्या एखाद्या गाळ्यात. या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी बांधलेल्या असतात. एक म्हणजे विंडोज मशीनमध्ये बसवण्याची मजुरी आणि दुसरी म्हणजे ते वापरण्याचा हक्क, म्हणजे लायसन्स. पाचशे रुपयांत फक्त मजुरी येते. हक्काचे पैसे वेगळे, आणि तो हक्क कदाचित तुमच्याकडे आधीपासूनच असतो.

आमच्या इंदिरानगरच्या घरी २०१५ साली पार्ट जुळवून केलेला डेस्कटॉप होता. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. २०१९ मध्ये मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सातशे रुपयांना विंडोजची ‘ओरिजिनल की’ घेतली. ईमेलवर २५ अक्षरं आली, ती टाकली, ॲक्टिव्हेट झालं. पाच महिन्यांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट अक्षरं उगवली. विक्रेत्याचं पान तोवर नाहीसं झालं होतं आणि बिल मी मागितलंच नव्हतं. पुढे विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर संपला, तेव्हा घरचं मशीन पुन्हा उभं करायचं ठरलं. या वेळी प्रत्येक पायरी तपासूनच उचलली. शेजारच्या तीन-चार घरांतही मग याच क्रमाने काम केलं. तो क्रम इथे देतो आहे.

जमीन घेण्याआधी सातबारा बघतात, तसं

सुरुवात दुकानात करू नका. जुन्या मशीनसमोर बसा. ते चालू असतानाच त्यात कोणतं लायसन्स आहे हे कळतं. एकदा पार्ट काढले की ही माहिती मिळवणं अवघड होतं.

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, तिथे ॲक्टिव्हेशन. विंडोज १० मध्ये हाच भाग ‘अपडेट अँड सिक्युरिटी’च्या आत सापडेल. दोन गोष्टी लिहून घ्या: एडिशन कोणती आहे, म्हणजे होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो, आणि ॲक्टिव्हेशनपुढे नेमकं काय लिहिलंय. ‘डिजिटल लायसन्स’ असं लिहिलेलं असेल तर चांगलं. त्यापुढे ‘लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ असेल तर आणखी चांगलं. तसं नसेल तर त्याच पानावर आपलं मायक्रोसॉफ्ट खातं जोडून घ्या. हे काम मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात ती मुख्य पाटी, बदलण्याच्या आधीच व्हायला हवं. नंतर करून उपयोग नसतो.

आता थोडं खोलात. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरं, मग एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि डी-एल-आय असं लिहून एंटर मारा. छोटी चौकट येईल. तिच्यात ‘ओईएम’ दिसलं तर लायसन्स त्या मशीनबरोबर आलेलं आहे आणि त्याच्या मदरबोर्डला बांधलेलं आहे. ‘रिटेल’ दिसलं तर ते सुटं घेतलेलं असू शकतं. ‘व्हॉल्यूम’ दिसलं तर जरा थांबा. व्हॉल्यूम लायसन्स कंपन्या आणि संस्थांसाठी असतं. घरच्या मशीनवर ते दिसणं म्हणजे कुणीतरी कुठल्या तरी ऑफिसची की टाकलेली असणं किंवा क्रॅक, म्हणजे लायसन्सची तपासणी चुकवणारा प्रोग्राम, मारलेला असणं.

खात्री करायची असेल तर त्याच जागी डी-एल-आयऐवजी एक्स-पी-आर लिहा. खरं लायसन्स असेल तर ‘परमनंटली ॲक्टिव्हेटेड’ असं उत्तर येतं. मुदतीची तारीख आली, तर ते ॲक्टिव्हेशन उसनं आहे. संस्थांमध्ये सर्व्हरकडून मिळणारं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि पुन्हा पुन्हा नवं करावं लागतं. बाजारातले बरेच क्रॅक याच पद्धतीची नक्कल करतात. माझ्या सातशे रुपयांच्या कीबद्दल मी ही एक ओळ तेव्हाच टाइप केली असती तर पुष्कळ काही कळलं असतं.

‘रिटेल’ या शब्दावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड होऊन १० वर आलेल्या मशीनवरही रिटेल असं लिहून येतं, कारण त्यांना एक सर्वसाधारण की लागलेली असते. मूळ हक्क जर मशीनबरोबर आलेला असेल, तर अपग्रेडनंतरही तो त्या मशीनचाच राहतो. खरं रिटेल ओळखायची खूण म्हणजे तुमच्याकडे असलेला खोका किंवा खरेदीचा ईमेल, २५ अक्षरांची की आणि बिल. हे तिन्ही शोधा. आमच्या मजल्यावरच्या काकांकडे हे सगळं एका जुन्या फाइलमध्ये, गॅसच्या पावत्यांच्या खाली होतं. त्यांचे लायसन्सचे पैसे वाचले.

ब्रँडेड डेस्कटॉप किंवा लॅपटॉप असेल आणि तो विंडोज ८ च्या काळातला किंवा नंतरचा असेल, तर की बहुतेक वेळा मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेली असते. अशा मशीनवर विंडोज पुन्हा बसवताना की विचारलीही जात नाही. तरीही त्या मशीनसाठी कुणी ‘की वेगळी घ्यावी लागेल’ म्हणत असेल, तर का ते समजावून सांगायला सांगा.

हे मशीन विंडोज ११ घेईल का

विंडोज ११ च्या अटी कागदावर साध्या दिसतात: ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना भरवशाचीच प्रणाली चालू देणारी सोय), टीपीएम २.०. रॅमची अट नावापुरती समजा. घरच्या वापराला ८ जीबीच्या खाली जाऊ नका, आणि नवं घेताय तर १६ घ्या. खरी अडचण प्रोसेसर आणि टीपीएम या दोन ठिकाणी येते.

इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत. पिढी ओळखायला नावातला आकडा बघा. आय-फाइव्ह ८४०० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी. एएमडीमध्ये रायझेन २००० मालिकेपासून बहुतेक प्रोसेसर चालतात, पण आपल्याकडे बऱ्याच जणांनी हौसेने घेतलेले २२००जी आणि २४००जी त्या यादीत नाहीत. आकड्यावरून अंदाज करण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे फुकट ॲप चालवा. ते दोन मिनिटांत हो किंवा नाही सांगतं आणि कुठे अडतंय तेही दाखवतं.

टीपीएम म्हणजे मशीनच्या गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप. ‘टीपीएम नाही’ असं उत्तर आलं की लगेच मदरबोर्ड बदलायची गरज नाही. जुळवून केलेल्या बऱ्याच मशीनमध्ये ती सोय असते, पण बंद ठेवलेली असते. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये जा. इंटेलच्या बोर्डवर ती ‘पीटीटी’ नावाने असते, एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ नावाने. चालू करा, सेव्ह करून बाहेर या, पुन्हा तपासा. मशीनवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्याची रिकव्हरी की काढून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी मशीन तीच मागत बसतं.

सिक्युअर बूटसाठी डिस्कची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची लागते. जुनी डिस्क एमबीआर या आधीच्या पद्धतीची असेल तर विंडोज १० मधल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने डेटा न पुसता ती बदलता येते. पण बॅकअप न घेता हे करू नका. नवी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, घेणार असाल तर हा प्रश्नच उरत नाही.

मशीन यादीत बसत नसतानाही विंडोज ११ टाकून देणारे आहेत आणि ते चालतंही. मला ते पसंत नाही. अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, आणि सुरक्षेचे अपडेट मिळावेत म्हणूनच तर हा सगळा खटाटोप चाललाय. कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर तर २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण त्या प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत.

लगेच खर्च जमत नसेल तर विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. विंडोज बॅकअपने सेटिंग्जचा मेळ चालू ठेवला तर पैसेही लागत नाहीत. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते. घाईत चुकीची खरेदी करण्यापेक्षा ही सवड वापरणं चांगलं.

काय बदलायचं ते ठरलं की लायसन्सचं आपोआप ठरतं

रॅम वाढवली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली, ग्राफिक्स कार्ड बदललं, तर साधारणपणे लायसन्सला धक्का लागत नाही. मदरबोर्ड बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवं मशीन. लायसन्सचा सगळा हिशोब या एका वस्तूभोवती फिरतो, म्हणूनच मदरबोर्डचा निर्णय झाल्याशिवाय विंडोजसाठी पैसे काढू नका.

आठव्या पिढीचं किंवा त्यापुढचं मशीन आहे आणि त्यावर खरं विंडोज १० आहे, तर तुम्हाला काहीच विकत घ्यायचं नाही. विंडोज ११ चं अपग्रेड फुकट आहे. एसएसडी आणि रॅम घ्या, त्यावर समाधान माना. हळू चालणाऱ्या मशीनला साध्या साटा एसएसडीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडलेला मी पाहिला नाही.

मशीन त्याआधीचं असेल तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे त्रिकूट बदलावं लागतं, कारण जुनी डीडीआर-थ्री रॅम नव्या बोर्डात बसत नाही. इथे एक फसगत नेहमी होते. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डाचं सॉकेट आठव्या पिढीच्या सॉकेटसारखंच दिसतं, नावही तेच, म्हणून ‘फक्त प्रोसेसर बदलू’ असा सल्ला मिळतो. तो प्रोसेसर बसतो, पण त्या बोर्डावर चालत नाही.

तिसरा रस्ता माझ्या मते सगळ्यात कमी विचारात घेतला जातो आणि मध्यमवर्गीय घराला तो सगळ्यात परवडतो. ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त केलेले जुने, म्हणून विकायला येतात. आठव्या ते दहाव्या पिढीचं असं मशीन घेतलं तर त्याची विंडोजची की बहुतेक वेळा त्याच्याच बोर्डात असते, आणि ऑफिसचं मशीन असल्याने पुष्कळदा ती प्रोची असते. ओईएम लायसन्स मशीनबरोबर नव्या मालकाकडे जातं. नवा बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि वर लायसन्स, या बेरजेपुढे हा हिशोब मांडून बघा. आम्ही काकांच्या मुलीसाठी, तिच्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासाला, असंच मशीन घेतलं. दुकानातच चालू करून ॲक्टिव्हेशनचं पान आणि वर सांगितलेल्या दोन ओळी तपासल्या. दुकानदार थोडा वैतागला, पण उत्तर ‘ओईएम’ आणि ‘परमनंटली ॲक्टिव्हेटेड’ आलं आणि व्यवहार झाला. तुम्हीही तिथेच तपासा. घरी आणून तपासलं तर पुन्हा सिडको ते एम. जी. रोड अशा फेऱ्या घालाव्या लागतील.

लायसन्स घ्यायचंच असेल तर

ओईएम लायसन्स नव्या मशीनबरोबर विकलं जातं आणि त्याच मदरबोर्डवर संपतं. वॉरंटीत बोर्ड खराब निघाला आणि बदलून मिळाला तर चालतं, पण आपण हौसेने बोर्ड बदलला तर नवं लायसन्स. रिटेल लायसन्स महाग असतं, पण ते तुमचं असतं. जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं, एका वेळी एकाच मशीनवर.

तुम्ही दर चार-पाच वर्षांनी बोर्ड बदलणारे असाल तर रिटेल घ्या. एकदा जुळवलेलं मशीन मरेपर्यंत वापरणारे असाल तर ओईएम पुरे. आम्ही रिटेल घेतलं, कारण बोर्ड पुन्हा बदलणार हे आम्हाला माहीत आहे.

किमतीचं म्हणाल तर ज्या दिवशी घ्यायचंय त्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या भारतीय संकेतस्थळावरचा भाव बघून ठेवा. तो हजारांत असतो. त्याच्या शेजारी पाचशे-सातशेला मिळणारी ‘लाइफटाइम की’ ठेवून पाहिली की प्रश्न पडायला हवा: मधले हजारो रुपये कुठे गेले? अशा की बऱ्याचदा व्हॉल्यूमच्या असतात, परदेशातल्या एखाद्या संस्थेच्या असतात, किंवा एकच की अनेकांना विकलेली असते. मूळ मालकाची की रद्द झाली की सगळ्यांचीच मशीन्स एका दिवसात उघडी पडतात. नुसती की किंवा नुसतं स्टिकर म्हणजे लायसन्स नव्हे. चंदेरी पट्टी असलेलं स्टिकर सुटं विकायला आलं असेल तर ते घेऊ नका.

विंडोज ७ ची जुनी की घरात आहे, ती टाकून बघू, असाही सल्ला अजून मिळतो. सप्टेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने तो मार्ग बंद केला आहे.

दुकानात गेल्यावर पक्कं बिल मागा, आणि त्यावर विंडोजची ओळ वेगळी लिहून घ्या: नाव, एडिशन, ओईएम की रिटेल, किंमत, १८ टक्के जीएसटी. ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ अशा एका ओळीत सगळं गुंडाळलेलं बिल स्वीकारू नका. बिलाशिवाय घेतलं तर जीएसटी वाचेल असं कुणी सुचवलं, तर बोर्डाची वॉरंटी आणि लायसन्सचा पुरावा दोन्ही तुम्ही त्या १८ टक्क्यांत विकताय हे ध्यानात ठेवा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण तक्रारीलाही बिलच लागतं.

आणखी दोन वस्तू विंडोजबरोबर गळ्यात मारल्या जातात. एक ऑफिस. वर्ड-एक्सेल विंडोजचा भाग नाहीत, त्यांचं लायसन्स वेगळं. पत्रं आणि घरखर्चाचा तक्ता एवढंच काम असेल तर लिबरऑफिस फुकट आहे आणि मराठी युनिकोड नीट दाखवतं. दुसरी वस्तू अँटिव्हायरस. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर घरच्या वापराला पुरेसं आहे. ते पैसे एसएसडीत घाला.

होम की प्रो, याचं उत्तर थोडक्यात होम. बाहेरून आपल्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने काम करायचं असेल, पूर्ण बिटलॉकर हवं असेल किंवा हायपर-व्हीवर, म्हणजे मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवून, प्रयोग करायचे असतील तर प्रो घ्या. नंतर हवंसं वाटलं तर होमवरून प्रोवर जाता येतं. होमची की प्रोवर चालत नाही, एवढं मात्र विसरू नका.

विंडोज न घेण्याचा पर्यायही खरा आहे

नवं मशीन उभं केल्यावरही आमचा २०१५ चा डेस्कटॉप आम्ही भंगारात दिला नाही. त्यात २४० जीबीची एसएसडी टाकली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ बसवलं. ते फुकट आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. बँकेचं काम, यूट्यूब, लाइटबिल भरणं, मुलांचे प्रोजेक्ट हे सगळं होतं. मराठी कीबोर्ड इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतो. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, तेव्हा आपला प्रिंटर चालतो का ते लगेच कळतं.

टॅली (हिशोबाचा प्रोग्राम), श्री-लिपी (मराठी फॉन्ट आणि टायपिंगचा प्रोग्राम), डिजिटल सिग्नेचरचं टोकन यांपैकी काही रोज लागत असेल, तर मात्र विंडोजच ठेवा. या तिघांसाठी लिनक्सशी झगडण्यात वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

पार्ट उघडण्याआधीची संध्याकाळ

बॅकअप म्हणजे फक्त फोटो नव्हेत. नाशकातल्या घरगुती आणि छोट्या धंद्याच्या मशीनवर ज्या गोष्टी नेहमी राहून जातात, त्या सांगतो.

टॅलीचा डेटा डेस्कटॉपवर नसतो. त्याचं फोल्डर कुठे आहे ते टॅलीतच बघून कॉपी करा, आणि टॅलीप्राइमचं लायसन्स जुन्या मशीनवरून सरेंडर करा, तरच ते नव्यावर सहज चालू होईल. श्री-लिपीत केलेल्या जुन्या फाइल्स, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा युनिकोडमध्ये नसतात. तो फॉन्ट नसेल तर नव्या मशीनवर नुसती गिचमिड दिसते. फॉन्टचं फोल्डर कॉपी करा आणि तुमची आवृत्ती विंडोज ११ वर चालते का ते आधी विचारा. डिजिटल सिग्नेचर टोकनमध्येच असते, पण त्याचा ड्रायव्हर नव्याने घालावा लागतो, म्हणून टोकनचं नाव आणि पासवर्ड लिहून ठेवा.

सोसायटीचा किंवा दुकानाचा हिशोब एखाद्या जुन्या डॉसच्या प्रोग्रामवर असेल, तर खास सावध राहा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिट डॉस प्रोग्राम थेट चालत नाहीत. डॉसबॉक्ससारख्या सोयीत ते चालतात का हे जुनं मशीन मोडण्याआधी पाहून घ्या.

ब्राउझरमधले पासवर्ड, प्रिंटर आणि स्कॅनरचे मॉडेल क्रमांक, वायफायचा पासवर्ड हे कागदावर. बाकी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर. मग त्यातल्या चार-पाच फाइल्स दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरचं मीडिया क्रिएशन टूल वापरून विंडोज ११ त्यावर उतरवा. पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. डाउनलोड अनेक जीबींचं असतं, रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकमध्ये ते बसत नाही, म्हणून घरी ब्रॉडबँड नसेल तर आधीच सोय करा. दुकानातून कुणी दिलेल्या पेन ड्राइव्हवरचं विंडोज वापरू नका. त्यात काय बदल केलेत ते बाहेरून दिसत नाही.

बसवण्याचा दिवस

सकाळी सुरू करा, यूपीएसवर. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो.

१. जुन्या डेटाच्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. मशीनमध्ये फक्त नवी एसएसडी राहू द्या. चुकीची डिस्क पुसली जाण्याचा धोका इथेच संपतो.

२. बायोसमध्ये जाऊन टीपीएम, यूईएफआय आणि सिक्युअर बूट चालू आहेत ना ते बघा.

३. पेन ड्राइव्ह लावा, मशीन सुरू करताना बूट मेनू उघडा. बोर्डाप्रमाणे एफ-एट, एफ-इलेव्हन किंवा एफ-ट्वेल्व्ह दाबावं लागतं.

४. की विचारली तर रिटेल घेतलेली की टाका. आधीचं डिजिटल लायसन्स असेल तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा. पुढच्या यादीत तुम्ही लिहून ठेवलेलीच एडिशन निवडा. इथे घाईने प्रो निवडलं आणि लायसन्स होमचं असलं की ॲक्टिव्हेशन अडतं आणि पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

५. डिस्कच्या यादीत ‘अनअलोकेटेड स्पेस’ निवडून पुढे जा. बाकीची विभागणी विंडोज स्वतः करतं.

६. होम एडिशनला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. लायसन्स ज्या खात्याला जोडलं तेच खातं वापरा. मुलाचं किंवा दुकानातल्या पोराचं खातं टाकू नका.

बसवणं झालं की लगेच ॲक्टिव्हेशनचं पान. ॲक्टिव्हेट झालं नसेल तर तिथेच ट्रबलशूट आहे. त्यात ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली’ निवडा. रिटेल हक्क तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर जुन्या मशीनचं नाव दिसतं, ते निवडलं की काम होतं. मग विंडोज अपडेट, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरचे ड्रायव्हर, आणि सगळ्यात शेवटी डेटाची जुनी डिस्क परत जोडा.

२४एच२ पासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये, मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की तुमच्या खात्यात साठते. ती उघडून कागदावर उतरवून घ्या. आमच्या ओळखीच्या एका ताईंनी हे केलं नव्हतं, खात्याचा पासवर्डही विसरल्या, आणि मुंजीचे सगळे फोटो समोर डिस्कमध्ये असूनही उघडता आले नाहीत.

मराठीसाठी ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन मराठी भाषा जोडा आणि कीबोर्डमध्ये इन्स्क्रिप्ट किंवा मराठी फोनेटिक निवडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. होम सिंगल लँग्वेजवरही मराठी टायपिंग पूर्ण चालतं, फक्त पडद्यावरचे मेनू दुसऱ्या भाषेत करता येत नाहीत.

जुनं मशीन विकणार असाल आणि लायसन्स रिटेल असेल, तर त्याच एस-एल-एम-जी-आरपुढे तिरकी रेघ आणि यू-पी-के लिहून की काढून घ्या. मात्र ती काळी खिडकी उजव्या क्लिकने ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावी लागते. ओईएम असेल तर ते मशीनबरोबर जाऊ द्या, घेणाऱ्याला ते उपयोगी पडेल. हार्ड डिस्क मात्र पूर्ण पुसून द्या, किंवा काढून घरीच ठेवा. नव्या लायसन्सचं बिल, की असलेला खोका आणि रिकव्हरी कीचा कागद आम्ही एका पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवलाय. पाकिटावर मशीनचं नाव आणि खरेदीची तारीख लिहिलेली आहे.